खडखड वेगळी, धोका वेगळा: लोअर आर्म, टाय रॉड, शॉकअप कधी बदलायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षांची, ८८ हजार किलोमीटर झालेली. गतिरोधकावर आणि उखडलेल्या रस्त्यावर पुढून टकटक आवाज येतो. एका वर्कशॉपने ३६ हजारांचं एस्टिमेट दिलं: पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड, रॅक एंड, लिंक रॉड, स्ट्रट माउंट, आणि वर 'स्टिअरिंग रॅकही बघावा लागेल'. दुसऱ्या मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि सांगितलं, फक्त लिंक रॉड गेलेत, बाकी पुढच्या वर्षी बघू. गणपतीला आई-वडिलांना घेऊन पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करत गुहागरला जायचं आहे. ऐकायचं कोणाचं?

मी कराडला सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. कुंभार्ली चढून-उतरून आलेल्या गाड्या रोज रॅम्पवर येतात, त्यामुळे तुमचा रस्ता मला ठाऊक आहे. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. पण दोघांनीही पार्ट एकेक करून तपासल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही. एकाने किलोमीटर बघून यादी केली, दुसऱ्याने आवाज ऐकून.

आवाजावरून निर्णय घेतला की हमखास चूक होते. गाडीखालचा सगळ्यात जास्त वाजणारा पार्ट हा सगळ्यात कमी धोक्याचा असतो, आणि ज्याने चाक निखळू शकतं तो शेवटपर्यंत जवळजवळ गप्प असतो. म्हणून मी प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारतो: हा घाटात, वळणावर, भरल्या गाडीत तुटला तर गाडीचं काय होईल? चाकाचा किंवा स्टिअरिंगचा ताबा जाणार असेल तर थोडासा प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, असली तरी पुरे, बदला. नुसती खडखड वाढणार असेल, तर तुमच्या सोयीने आणि पैशाच्या हिशेबाने बदला.

आता एकेक बघू. तुमची गाडी कोणती ते लिहिलेलं नाही, पण स्विफ्ट, आय ट्वेंटी, पोलो अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. १९८३ साली मारुती ८०० आली तिलाही हाच होता. वर शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एकच लोअर आर्म, आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट. हे धरूनच पुढचं लिहितो. बोलेरोसारख्या गाड्यांची तपासणी वेगळी असते, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

बॉल जॉइंट

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण एस्टिमेटमधल्या बाकी सगळ्या गोष्टी मिळून जेवढा धोका होतो त्याहून जास्त या एकात आहे.

एका वाटीत पोलादी गोळा, मध्ये प्लास्टिकचं अस्तर आणि ग्रीस, वरून रबराचा बूट. एवढीच रचना. अँबॅसिडरच्या काळात सर्व्हिसिंगला आली की गाडीच्या सांध्यांमध्ये ग्रीस निपलवर गन लावून ग्रीस भरायचं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आताचे जॉइंट सील केलेले असतात. आत जेवढं ग्रीस कारखान्यातून आलं तेवढंच आयुष्यभर. म्हणजे त्या जॉइंटचं आयुष्य हे खरं तर बुटाचं आयुष्य आहे. बूट फाटला की पावसाळ्यात लाल चिखलाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, आणि गोळा वाटीत घासायला लागतो. मे महिन्यात बूट फाटलेला जॉइंट हाताला एकदम घट्ट लागतो, आणि तोच दिवाळीला हलायला लागलेला असतो. म्हणून बूट फाटलेला दिसला तर मी 'अजून प्ले नाही' या कारणासाठी तो सोडत नाही, लांबच्या प्रवासाआधी तर मुळीच नाही. नुसता बूट बदलून मिळतो, पण आत पाणी किंवा माती गेली नसेल तरच त्याचा उपयोग, आणि तशी वेळेवर सापडलेली गाडी क्वचितच येते.

तपासणी अशी. पुढची बाजू बॉडीच्या जॅकच्या जागेवरून उचलायची, चाक लटकतं ठेवायचं आणि खाली स्टँड लावायचाच. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका, ही विनंती आहे. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगमधून वरच्या माउंटवर जातं, खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही. त्यामुळे चाक लटकलं की तो मोकळा होतो आणि प्ले लपत नाही. जॅक जर लोअर आर्मखाली लावला, तर स्प्रिंगचा जोर जॉइंटवर येऊन तो घट्ट वाटू शकतो. हीच चूक करून 'जॉइंट ओके' म्हटलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आता चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा वाजतात त्या जागी धरून, आत-बाहेर हलवा. खाली आर्म आणि नकल (चाकाचं हब ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचला आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. बोटाला टिचकी जाणवली की झालं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कुठे मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते, ती असेल तर तीच पाळावी. नसेल तर माझा नियम सोपा: या जॉइंटमध्ये हाताला जाणवणारा प्ले नको.

बारा-सहाला चाक हलतंय, पण जॉइंट की हब बेअरिंग ते कळत नसेल, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर जॉइंट. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. हे न केल्यामुळे चांगला लोअर आर्म बदलला जातो आणि बेअरिंग तसंच घरघरत राहतं.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब कोल्हापूरहून येत होतं. पुढून वाजतंय म्हणून आठ दिवसांपूर्वी कुठेतरी लिंक रॉड बदलून घेतले होते, आवाज बंद झाला होता, सगळे निश्चिंत. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, चालण्याच्या वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना डाव्या बाजूचा गोळा वाटीतून बाहेर आला. चाक बाहेर फाकलं, फेंडर चेपला, ड्राइव्ह शाफ्ट आतून निघाला. कोणाला खरचटलंही नाही. थांबलेल्या किंवा सावकाश चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना जॉइंटवर जोर जास्त येतो, म्हणून पुष्कळ वेळा हे पार्किंगमध्ये किंवा वळताना घडतं. पण तो नियम नाही. त्याच दिवशी ती गाडी अर्धा तास आधी हायवेवर होती. तो जॉइंट मी हातात घेतला तेव्हा वाटीत ग्रीसचा थेंब नव्हता, नुसता गंज. त्याने आधी आवाज केला असणार, पण तो लिंक रॉडच्या खडखडीत बुडून गेला, आणि लिंक रॉड बदलल्यावर कोणी पुढे बघितलंच नाही. तेव्हापासून नुसता लिंक रॉड बदलायला आलेल्या गाडीचाही बॉल जॉइंट मी तपासल्याशिवाय सोडत नाही.

लोअर आर्मचे बुश

बुश म्हणजे आर्म गाडीला जोडला जातो तिथलं रबरी अस्तर. इथे घाई करायची गरज नसते. रबराच्या वरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या म्हणून बुश गेलं असं नाही. आठ-नऊ वर्षांच्या रबराला भेगा पडणारच. मोबाईलवर त्या भेगांचा फोटो पाठवून 'सर, फाटलंय' म्हणणं सोपं आहे. बघायचं ते हे की रबर मधल्या लोखंडी नळीपासून सुटलंय का, भेग आरपार गेलीय का, टॉमी लावल्यावर आर्म पुढे-मागे सरकतोय का. चालवताना त्याची खूण म्हणजे ब्रेक मारला की एक 'ठक्', रिव्हर्स घेऊन परत ब्रेक मारला की दुसरा 'ठक्'. ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, हायवेवर गाडी सरळ धरायला सारखं सावरावं लागतं. ही लक्षणं असतील तर बदलायचंच, कारण आर्म सरकला की चाकाचा कोन सरकतो, आणि गाडी टायर खायला लागते.

पुष्कळ गाड्यांत बॉल जॉइंट आर्मलाच पक्का बसवलेला असतो, सुटा मिळत नाही. तिथे जॉइंट गेला की पूर्ण आर्म घ्यावा लागतो आणि बुश आपोआप नवीन येतात. जॉइंट चांगला आणि नुसतं बुश गेलं असेल, तर प्रेसवर नवीन बुश बसवून काम स्वस्तात होतं. मात्र मागच्या मोठ्या बुशमध्ये मुद्दाम पोकळी ठेवलेली असते आणि ते कोणत्या दिशेने बसवायचं याची खूण असते. खूण न बघता फिरवून बसवलं तर ते लवकर फाटतं.

'नवीन बुश सहा महिन्यांत गेलं' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की त्याचं मुख्य कारण इथे लिहून ठेवतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत, चाकं लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसे आवळले तर आर्म खाली झुकलेल्या अवस्थेत बुशची मधली नळी पक्की होते. मग गाडी जमिनीवर आली, आर्म वर उचलला गेला, की रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही त्याला सुटका नाही. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, किंवा आर्मखाली जॅक लावून नेहमीच्या उंचीला आणायची, आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. दहा मिनिटांचं काम जास्त, पण बुशचं आयुष्य त्यावर ठरतं. काम देताना वर्कशॉपला एवढं एकच विचारा: 'बोल्ट गाडी खाली घेऊन टाइट करणार ना?' उत्तरावरून माणूस कळतो.

टाय रॉड एंड आणि रॅक एंड

स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा दांडा म्हणजे रॅक, आणि हे दोन त्याला चाकाशी जोडणारे सांधे. टाय रॉड एंड बाहेरचा, चाकाजवळचा. रॅक एंड आतला, रबरी बेलोच्या (घड्यांच्या कव्हरच्या) आत लपलेला. यातला कुठलाही सुटला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा राहत नाही. म्हणून नियम बॉल जॉइंटचाच: प्ले दिसला की बदला, बूट फाटला की बदला.

हे तपासताना मात्र गाडी जमिनीवरच हवी. इंजिन चालू ठेवा म्हणजे पॉवर स्टिअरिंग चालेल. एकाने स्टिअरिंग थोडंसं, दोन-चार बोटं, डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने पिटमधून सांध्यावर हात ठेवायचा. रॉड हलतोय पण नकल क्षणभर मागे राहतंय, असं हाताला लगेच कळतं. आतल्या रॅक एंडसाठी बेलो हाताने दाबून आतला सांधा चाचपायचा. चाक उचलून तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तरीही प्ले कळतो, पण वजनाखाली केलेली तपासणी मला जास्त खात्रीची वाटते.

बदलताना जॉइंट काढायला पुलर वापरावा. बूट फाडणारा फाट्याचा टॉमी जुन्या जॉइंटला चालतो, पण जो परत बसवायचाय त्याला नाही. जिथे स्प्लिट पिनचा नट आहे तिथे पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळायचा, कधीही ढिला करायचा नाही. पिनही नवीनच. पाच-दहा रुपयांच्या वस्तूवर चाक अवलंबून आहे.

बेलो फाटलेला असेल तर तो मुकाट्याने बदला. तो स्वस्त आहे, आणि त्यातून पाणी गेलं की रॅकच्या दांड्याला गंज धरतो. मग जे काम होतं ते स्वस्त नसतं.

लिंक रॉड

वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार, आणि त्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी म्हणजे लिंक रॉड. तुमचा आवाज बहुधा इथलाच आहे. एका बाजूचं चाक छोट्या खड्ड्यात गेलं की टकटक, वेग कमी, रस्ता खराब, आणि सपाट हायवेवर पूर्ण शांत: ही लिंक रॉडची चाल. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असताना पिटमध्ये उतरून लिंक हाताने हलवा, गेलेला लगेच वाजतो. तो तुटला तर वळणावर गाडी जास्त कलेल, घाटात चांगलं वाटणार नाही, पण चाक आणि स्टिअरिंग जागेवर राहतात. दोन्ही बाजूंचे बदला, त्याच वेळी स्टॅबिलायझर बारचे रबर बघून घ्या. यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, लागत नाही. कोणी सांगितली तर नको म्हणा.

शॉकअप

लोक म्हणतात 'गाडी बसलीय, शॉकअप गेले'. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. गाडी एका बाजूने खाली बसली असेल तर स्प्रिंग बघा. खालचा वेटोळा तुटलेला सापडतो, विशेषतः खाऱ्या हवेत राहिलेल्या कोकणातल्या गाड्यांना. तुटलेलं टोक टायरच्या आतल्या भिंतीशेजारी असतं, म्हणून ती बदलायला थांबायचं नाही.

शॉकअपचं काम स्प्रिंगचं नाचणं थांबवण्याचं. ते गेले की टायर रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारतो. ब्रेक लागतो तो टेकलेल्या टायरमुळे, म्हणून पावसात, ओल्या उतारावर गेलेला शॉकअप म्हणजे वाढलेलं ब्रेकिंगचं अंतर. बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही चाचणी पूर्ण मेलेले शॉकअप पकडते, अर्धे गेलेले नाही. त्यापेक्षा तळहात टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा. ठिकठिकाणी उंच-सखल, वाट्या पडल्यासारखं लागलं तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. हायवेवर पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी एका हालचालीत बसते की दोन-तीन वेळा डुलते, ते मागे बसलेल्या माणसाला विचारा. त्याला तुमच्यापेक्षा लवकर कळतं.

तेलाबद्दल. शॉकअपच्या वरच्या भागावर धूळ चिकटलेला पातळ ओलसर थर असेल तर तो घाम समजा. दांडा वर-खाली होताना सीलमधून तेवढं तेल येतंच. पुसून पंधरा दिवसांनी बघा. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, थेंब लोंबत असेल, तर तो गेला. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकच बदलला तर ब्रेकमध्ये आणि वळणावर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते.

ठरावीक किलोमीटरला बदला असं मी सांगत नाही. पुण्याहून मुंबई एक्सप्रेसवेने जाणाऱ्या गाडीचे शॉकअप एक लाखाला चांगले सापडतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात शेतातल्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचे चाळीस हजारांत संपतात. गतिरोधकांचाही यात मोठा वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाईचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात पार होते. आपल्या गावोगावी जे एक-दीड फूट रुंदीचे उंचवटे आहेत त्यांवर शॉकअप तळाला जाऊन बंप स्टॉपवर (धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटतो. बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर कुजून पडलं की दांड्यावर खडे उडतात, दांड्याला ओरखडे पडतात आणि तेच सील फाडतात. म्हणून नवीन शॉकअपबरोबर जुनंच फाटकं कव्हर परत चढवू नका.

स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग, त्याची तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडून उभ्या गाडीत कोणाला तरी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगा. वरून 'टण्ण' आवाज आला, स्प्रिंग अडकून मग सुटल्यासारखी झाली, तर माउंटचं बेअरिंग गेलंय. शॉकअप निघणारच असेल तर ते त्याच वेळी बदलावं, कारण मजुरी एकच. स्प्रिंग दाबून काढायचं हे काम घरी कोणीही करू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो.

रॅक, आणि फसवे आवाज

'रॅक बघावा लागेल' या वाक्यावर अजून काही खर्च करू नका. स्टिअरिंगमध्ये हाताला टकटक लागते तेव्हा आधी स्टिअरिंगच्या खालच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे पायाशी असलेला सांधा तपासायचा, मग रॅक एंड, आणि हे दोन्ही चांगले निघाले तरच रॅक. रॅकच्या मागे असलेला ॲडजस्टिंग स्क्रू आवळून आवाज बंद करणारे लोक आहेत. मापाबाहेर आवळला तर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. घाटात ते फार वाईट.

रस्त्यावर दोन गोष्टी स्वतः करून बघा. जिथे आवाज येतो त्या खराब पट्ट्यावरून जाताना ब्रेक पॅडल अगदी हलकं दाबा. खडखड थांबली तर ती सस्पेंशनची नाहीच, ब्रेक कॅलिपरच्या पिना किंवा पॅड ढिले आहेत. दुसरं, डिकीतला जॅक, पाना आणि स्टेपनी काढून घरी ठेवा आणि एक चक्कर मारा. हसू नका, यात पुष्कळांचे पैसे वाचले आहेत. पहिला गिअर टाकताना-सोडताना 'ठक्' होत असेल तर इंजिन माउंटही बघायला सांगा.

तुमच्या एस्टिमेटचं मी काय केलं असतं

गाडी रॅम्पवर घेऊन तुमच्या डोळ्यांसमोर वरच्या क्रमाने तपासायला सांगा. जो पार्ट बदला म्हणतात त्यातला प्ले तुमच्या हाताला लावून दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाही. त्यानंतर यादी तीन भागांत पडेल.

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रॅक एंड यांपैकी ज्यात प्ले किंवा फाटका बूट असेल ते गणपतीआधी, पैशाचा विचार न करता. एकाच बाजूचा गेला असेल आणि दुसरा खरोखर घट्ट असेल, तर एकच बदलला तरी चालतो, इथे जोडीची सक्ती नाही. लिंक रॉडही आत्ताच, ते स्वस्त आहेत आणि त्यांची खडखड बाकीचे आवाज झाकते. तेल ओघळणारे शॉकअप आत्ता. नुसता घाम असेल आणि टायरवर वाट्या नसतील तर त्यांना हा हंगाम द्या. बुशला फक्त वरवरच्या भेगा असतील तर दिवाळीनंतर बघा. रॅकचा विषय सोडा.

एक गोष्ट जुळवून घ्या: टाय रॉड, रॅक एंड, लोअर आर्म, शॉकअप यांपैकी काहीही उघडलं की अलाइनमेंट लागतेच. म्हणून यातली जी कामं करायची ती एकाच खेपेत करा, अलाइनमेंटचे पैसे एकदाच जातात. ती टाळू नका. दोन पुढच्या चाकांच्या दिशेत फक्त एक अंशाचा फरक राहिला, तरी दोन्ही टायर मिळून दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवे घासत जातात. गुहागरला जाऊन येईपर्यंत नवीन टायरची कड हाताला करवतीसारखी लागेल.

पार्ट गाडीच्या कंपनीच्या डब्यातला घ्या किंवा कंपनीला माल देणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा. दोन्ही चालतात. शॉकअपमध्ये गॅब्रिएलसारखे उत्पादक चाकण आणि नाशिकलाच माल बनवतात, मिळायला अडचण नाही. नकली डबे मात्र याच पार्टांचे फार फिरतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. बुश किंवा रबरात स्वस्त माल एक वेळ मी समजून घेईन, बॉल जॉइंटमध्ये नाही. एस्टिमेट जुनं असेल तर नवीन मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. निदान तीन आठवडे आधी करा, नेहमीच्या रस्त्याने तीन-चारशे किलोमीटर चालवा, मग परत रॅम्पवर घेऊन सगळे नट-बोल्ट पान्याने तपासून घ्या. नवीन बसवलेलं काही ढिलं राहिलं असेल तर ते याच काळात समजतं. काढलेले जुने पार्ट मागून घ्या आणि बॉल जॉइंट स्वतः हाताने फिरवून बघा. नवीन जॉइंट जोर लावल्याशिवाय फिरत नाही, गेलेला लोंबतो.

गुहागरला किनाऱ्याच्या अगदी जवळ गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल, तर परत आल्यावर खालून साध्या पाण्याने स्प्रिंग, आर्म आणि बोल्ट नीट धुऊन घ्या. टायरची नक्षी आतल्या कडेला झिजतेय का ते पहिल्या महिन्यात दोनदा बघा. त्यात काही वेगळं दिसलं तर कोणत्या चाकाला, आतल्या बाजूला की बाहेरच्या, एवढं लिहा आणि अलाइनमेंटचा छापील कागद जोडा. त्यावरचे आधीचे आणि नंतरचे आकडे बघून पुढचं सांगतो.